तुमच्या बॅजचा आकडा कुणाच्या खिशात?

एक्स-रे, सीटी, कॅथलॅब, बॉयलरच्या वेल्डिंगची तपासणी... रेडिएशनजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर एक आकडा साठत असतो. तो तुम्ही कधी बघितलाय? आणि तुमच्याआधी तो कुणी कुणी बघितला?

अहिल्यानगरचं सिव्हिल, विळदघाटातलं मेडिकल कॉलेज, लोणीचं प्रवरा, शिर्डीला संस्थानचं हॉस्पिटल, शिवाय तालुक्याच्या गावी स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर चालणारी डिजिटल एक्स-रेची सेंटरं. (तोंडात अजून ‘नगर’च येतं, चालवून घ्या.) यापैकी कुठंही पेशंटबरोबर गेलात तर तिथल्या टेक्निशियनकडे जरा नीट बघा. गळ्यात ओळखपत्र असतंच. पण छातीशी, खिशाला अडकवलेला प्लॅस्टिकचा आणखी एक छोटा चौकोन दिसायला हवा. शिशाचा ॲप्रन घातला असेल तर तो चौकोन ॲप्रनच्या आत असणार, आणि तो तिथंच असायला हवा.

हाच टीएलडी बॅज. त्यात बॅटरी नाही, चिप नाही, स्क्रीन नाही. तो वाजत नाही, लाल होत नाही. आत एका पातळ धातूच्या कार्डावर तीन गोल चकत्या बसवलेल्या असतात. कॅल्शियम सल्फेट आणि त्यात डिस्प्रोशियम नावाच्या मूलद्रव्याचा किंचित अंश. किरणं अंगावर पडली की या चकत्या ती ऊर्जा गुपचूप धरून ठेवतात. तीन महिने झाले की बॅज कुरिअरनं प्रयोगशाळेत जातो, तिथं चकत्या तापवतात आणि धरून ठेवलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. जितका प्रकाश, तितका डोस. पूर्वी याच कामाला फोटोची फिल्म वापरायचे. आपल्याकडे 1975 पासून हा टीएलडी यायला लागला.

आता हे तुम्हाला का सांगतोय? कारण हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच खोलीत नोकरीला जाणार आहेत. बारावी सायन्स झालं, नीटचा स्कोअर जमला नाही, मग बीएस्सी रेडिओग्राफी नाहीतर टेक्निशियनचा डिप्लोमा, हा रस्ता आपल्या जिल्ह्यात चांगला मळलेला आहे. आयटीआय आणि मेकॅनिकलवाली पोरं एनडीटीचा कोर्स करतात. साखर कारखान्यांचा हा जिल्हा. बॉयलर आला की प्रेशरखालचं वेल्डिंग आलं, आणि वेल्डिंगच्या पोटात भेग आहे का हे बघायला इरिडियम-192 चा सोर्स घेऊन एजन्सीची माणसं येतात. बहुतेकदा रात्री, बाकीचे घरी गेल्यावर. त्या पोरांच्या खिशालाही हाच बॅज असतो.

म्हणजे पगाराच्या स्लिपबरोबर आणखी एक हिशेब तुमच्या नावावर चालू असतो. पगाराचा आकडा आपण घरच्यांनाही पूर्ण सांगत नाही. या दुसऱ्या आकड्याचं काय?

आकडा बोलतो काय?

आधी भीती काढून टाकू. डोस मोजतात मिलिसिव्हर्टमध्ये. काहीही न करता, नुसतं या पृथ्वीवर राहिल्याबद्दल माणसाला जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांसाठी आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळानं, म्हणजे एईआरबीनं, मर्यादा घालून दिलीय : सलग पाच वर्षांत मिळून 100, म्हणजे वर्षाला सरासरी 20, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. जगात अनेक ठिकाणी एका वर्षाला 50 पर्यंत चालतं, आपली मर्यादा त्याहून कडक आहे. आणि प्रत्यक्षात? हॉस्पिटलात नीट काम करणाऱ्या बहुतेकांना वर्षाला एक मिलिसिव्हर्टसुद्धा मिळत नाही.

तेव्हा ‘एक्स-रेत काम करतो, याला मूल होणार नाही’ ही पारावरची अक्कल पारावरच राहू द्या. पुरुषात तात्पुरतं वंध्यत्व यायला एका दमात दीडशे मिलिग्रेच्या आसपास डोस थेट तिथं बसावा लागतो. आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांवर दशकानुदशकं अभ्यास झालाय; आईबापांनी झेललेल्या किरणांमुळे पुढच्या पिढीत आनुवंशिक आजार वाढल्याचं त्यात दिसलेलं नाही.

पण पारावरची अक्कल पारावर राहत नाही, इथंच खरी गोम आहे. ती स्थळ बघायला आलेल्या मामांच्या डोक्यात असते. आजारपणाची पॉलिसी विकणाऱ्याच्या प्रश्नात असते. नोकरीवर घेणाऱ्याच्या मनात असते. ज्यांना 4 आणि 40 मधला फरक कळत नाही, त्यांच्या हातात तुमचा आकडा पडला तर तो आकडा राहत नाही, शिक्का होतो. म्हणून तो खासगी हवा. आणि गंमत अशी, की तोच आकडा काही लोकांना कळलाच पाहिजे, नाहीतर तुमचा जीव धोक्यात. लपवावा की सांगावा, हे एका शब्दात सांगता येत नाही. कुणाला सांगावा आणि कशासाठी, असं विचारायला लागतं.

कागद फिरतो कसा?

प्रयोगशाळेतून निघालेला डोस रिपोर्ट तुमच्या घरच्या पत्त्यावर येत नाही. तो संस्थेच्या नावानं येतो, आणि त्यात त्या संस्थेतल्या सगळ्या बॅजवाल्यांची यादी असते. नाव, नंबर, या तिमाहीचा डोस. संस्थेत रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, आरएसओ, म्हणून एक जबाबदार माणूस नेमलेला असतो. तो रिपोर्ट बघतो, जपून ठेवतो. दुसरीकडे हाच आकडा मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय डोस नोंदवहीत जमा होतो. आणि एका मोजणीत 10 मिलिसिव्हर्टच्या वर गेला तर एईआरबीला कळवला जातो आणि चौकशी लागते.

इथवर सगळं ठीक. अडचण शेवटच्या दहा फुटांत आहे. आरएसओच्या टेबलावर आलेला तो कागद पुढं कुठं जातो? काही ठिकाणी प्रत्येकाला बोलावून त्याचा आकडा दाखवतात, सही घेतात. उत्तम. काही ठिकाणी फाइलला लागतो आणि तिथंच मरतो. आणि काही ठिकाणी यादीच्या यादी नोटीस बोर्डावर टाचणीनं लागते, नाहीतर तिचा फोटो डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो : ‘सर्वांनी आपापला डोस बघून घ्यावा.’ हेतू वाईट नसतो. पण त्या ग्रुपवर मागच्या वर्षी सोडून गेलेला वॉर्डबॉय असतो, मशीन दुरुस्तीवाल्या कंपनीचा इंजिनिअर असतो, आणि मॅनेजमेंटमधले कुणीतरी असतातच.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांचे आकडे शून्याच्या आसपास असतात तर बिघडलं काय? बिघडतं ते ज्याचा आकडा वेगळा असतो त्याचं. कॅथलॅबमध्ये डॉक्टरांच्या शेजारी तासन् तास उभं राहणाऱ्या स्टाफ नर्सचा आकडा बाकीच्यांपेक्षा जास्त येणं साहजिक आहे. तिनं चूक केलेली नसते, तिला काम तसलं असतं. यादीवर मात्र फक्त ती वेगळी दिसते. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर विषय तिचा.

नोकरी बदलली, हिशेब मागेच राहिला

आता उलटी बाजू बघा, कारण नुकसान नुसतं जास्त सांगण्यानं होत नाही.

समजा, एक पोरगा एनडीटीच्या एजन्सीत लागला. जानेवारी ते जून त्याला 16 मिलिसिव्हर्ट मिळाले. मर्यादेच्या आत आहे. मग भांडण झालं, की दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले म्हणा, जुलैत तो दुसऱ्या एजन्सीत गेला. तिथं नवा फॉर्म, नवा बॅज. ‘आधी कुठं काम केलंय का?’ या रकान्यात त्यानं काहीच लिहिलं नाही, कारण जुन्या मालकाचं नाव लिहिलं तर तो फोन करून काहीतरी वाकडं बोलेल अशी धास्ती. जुलै ते डिसेंबर आणखी 18. नव्या एजन्सीच्या कागदावर तो 18 वर आहे, सुरक्षित. त्याच्या शरीराच्या कागदावर तो 34 वर आहे. मर्यादा मोडली, आणि हे जगात कुणालाच ठाऊक नाही. त्यालासुद्धा नाही!

हे होऊ नये म्हणून आपल्याकडे नियम आहेत, आणि ते तसे बरे आहेत. 2004 च्या रेडिएशन प्रोटेक्शनच्या नियमांत मालकावर स्पष्ट जबाबदारी टाकलीय : माणूस कामावर घेण्याआधी त्याच्या जुन्या मालकाकडून त्याच्या डोसच्या आणि तब्येतीच्या नोंदी मागवायच्या. माणूस सोडून गेला आणि नव्या मालकानं मागितल्या तर द्यायच्या. आणि हे वाक्य अधोरेखित करून ठेवा : कामगाराला त्याची स्वतःची नोंद दरवर्षी द्यायची, तो मागेल तेव्हा द्यायची आणि नोकरी सुटताना द्यायची. तिन्ही वेळा. मेहेरबानी म्हणून नाही, नियम म्हणून. कामगाराकडूनही एक अपेक्षा आहे : आधी कुठं रेडिएशनचं काम केलं असेल तर ते लपवायचं नाही.

बॅज लावणाऱ्याला एक वैयक्तिक नंबरही मिळतो. नवीन ठिकाणी गेल्यावर तो जुना नंबर सांगायचा, म्हणजे जुना हिशेब नव्याला जोडला जातो. आधार नंबर तोंडपाठ असतो, गाडीचा नंबर असतो, हा नंबर मात्र विचारला तर ‘साहेबांच्या फाइलमध्ये असेल’ असं उत्तर येतं. आरएसओला विचारून तो एकदा मोबाइलमध्ये उतरवून घ्या.

बघा, या नोंदी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना तुमची परवानगी विचारलीच पाहिजे असं हा नियम म्हणत नाही. मला ते योग्य वाटतं. इथं खासगीपणापेक्षा तुमचं शरीर मोठं. पण त्याची दुसरी बाजूही मालकांनी पाळायला हवी : नोंद मागवली ती तुम्हाला कुठलं काम किती द्यायचं हे ठरवायला, तुम्हाला दारातूनच परत पाठवायला नाही. ‘याच्या नावावर आधीच 40 आहेत, पाच वर्षांच्या खात्यात 60 च उरलेत, कशाला घ्यायचा? नवा कोरा पोरगा घेऊ’ असा हिशेब करणारा मालक कायद्यानं पकडता येणं अवघड आहे. आणि पोरांना हा हिशेब बरोबर कळतो.

बॅज ड्रॉवरमध्ये

कळला की काय होतं? जपानकडे बघा. मार्च 2011 मध्ये सुनामीनंतर फुकुशिमाची अणुभट्टी फुटली. साफसफाईला हजारो माणसं लागली, त्यातली बरीचशी ठेकेदाराच्या ठेकेदाराकडची. जपानमध्ये या कामगारांकडे एक पासबुकच असतं, प्रत्येक ठिकाणी झेललेला डोस त्यात चढवायचा. 1977 पासून देशाची मध्यवर्ती नोंदणीही आहे. कागदावर याहून चोख व्यवस्था नाही. तरी 2012 च्या जुलैत तिथल्या वर्तमानपत्रांनी बातमी फोडली, की एका ठेकेदाराच्या माणसानं आपल्या कामगारांना डोस मोजणाऱ्या यंत्रावर शिशाचं झाकण बसवायला लावलं होतं. किरणं माणसाला लागणार, यंत्राला नाही. का? मर्यादा भरली की काम गेलं, आणि काम गेलं की रोजी गेली. साधं गणित.

आपल्याकडे शिशाच्या झाकणाची गरज पडत नाही. ड्रॉवर पुरतो. आज भरपूर केसेस आहेत, बॅज ड्रॉवरमध्ये ठेव. सोर्स अडकलाय, हातानं काढावा लागेल, बॅज गाडीत राहू दे. बॅज न लावणाऱ्याला आपण बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. पण ज्या आकड्यानं नोकरी जाते तो आकडा माणूस खरा येऊ देईल कशाला? नोंद खरी हवी असेल, तर ती नोंद आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाही एवढा भरवसा आधी द्यावा लागतो. खासगीपणा हे शहरी लोकांचं चोचलं आहे असं वाटणाऱ्यांनी या ड्रॉवरचा विचार करावा.

आणि नोंद खरी असली की ती काय करू शकते त्याचंही उदाहरण फार लांब नाही. कारवारजवळ कैगाच्या अणुवीज केंद्रात 2009 च्या नोव्हेंबरमध्ये कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियम जास्त दिसलं. मागोवा घेतल्यावर कळलं, की पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं होतं. पन्नासहून अधिक माणसांच्या पोटात ते गेलं. ना चव, ना वास. नियमानं घेतलेली तपासणी नसती तर कुणाच्या लक्षात आलं असतं?

तिची बातमी

मुलींनो, हा भाग तुमच्यासाठी; मुलांनीही वाचायला हरकत नाही.

नियम सांगतो, की रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या स्त्रीला दिवस गेल्याचं कळलं की तिनं ते कामाच्या ठिकाणी आणि आरएसओला सांगावं, म्हणजे तिचं काम बदलता येईल. त्यानंतर पोटातल्या बाळाला उरलेल्या काळात एक मिलिसिव्हर्टच्या वर डोस मिळता कामा नये. सर्वसामान्य माणसाला वर्षाला जी मर्यादा, तीच बाळाला. नियम बाळाच्या भल्याचा आहे यात वाद नाही.

पण जरा त्या मुलीच्या जागी उभ्या राहा. सहावा आठवडा. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत शेजारणीलाही सांगत नाहीत. सासूला सांगायचंय की आधी आईला, हे ठरलेलं नाही. आणि नियम म्हणतो इन्चार्जला सांग. इन्चार्ज पुरुष. ड्युटी बदलली की अख्ख्या डिपार्टमेंटला कारण कळणार. समजा पुढच्या महिन्यात काही बिनसलं, तर तीच चर्चा उलट्या दिशेनं. म्हणून कितीतरी जणी गप्प बसतील, आणि नेमके सुरुवातीचे आठवडेच नाजूक असतात.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा मानकांत एक गोष्ट स्वच्छ लिहिलीय : गर्भार असल्याचं कळवलं हे तिला कामावरून दूर करायचं कारण होऊ शकत नाही. काम बदलायचं, तिला घालवायचं नाही. त्याच मानकांत डोसच्या नोंदींची गोपनीयता जपण्याकडेही नीट लक्ष द्या असं मालकांना बजावलंय. पण मानक जिनिव्हा-व्हिएन्नात लिहिलं जातं आणि ड्युटीचा तक्ता आपल्या भिंतीवर लागतो. संस्थेनं एवढं केलं तरी पुष्कळ : ही गोष्ट सांगायला एक स्त्री नेमावी, सांगणं तोंडी नको, बंद पाकिटात चालेल, आणि ड्युटी बदलताना चार जणांची एकदम बदलावी. यासाठी कुठलाही सरकारी जीआर लागत नाही, थोडी माणुसकी लागते.

आकडाच खोटा असला तर?

हेही होतं. ॲप्रन खुंटीला टांगला, बॅज त्यालाच लावलेला राहिला, आणि खुंटी एक्स-रेच्या खोलीत. दिवसभर मशीन चालू. माणूस घरी जेवतोय आणि बॅज डोस खातोय. तीन महिन्यांनी भलामोठा आकडा येतो. चौकशी लागते, लेखी जबाब घेतात. आकडा फारच मोठा असेल तर रक्त घेऊन गुणसूत्रं तपासतात, कारण बॅज चुकू शकतो पण पेशींवर पडलेली खूण खरं सांगते. शेवटी ठरतं, की डोस माणसाला मिळाला की नुसत्या बॅजला.

म्हणून तुमची नोंद तुम्हीच वाचायला हवी. आकडा बॅजनं खाल्लेला आहे हे चौकशीत ठरलं, तर ते नोंदीत तसं चढलं का? की सिस्टीममध्ये अजून तुमच्या नावावर तेच लिहिलंय? तीन वर्षांनी हे शोधायला गेलात तर आरएसओ बदललेला असतो आणि फाइल माळ्यावर असते. आणि ती गुणसूत्रांची तपासणी, तो तर निव्वळ तुमच्या शरीराचा कागद. त्याची झेरॉक्स अकाउंट्समधून फिरायचं काही कारण नाही.

राळेगणच्या मातीत

हा जिल्हा माहिती अधिकाराचा. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी त्यासाठी रान उठवलं, 2003 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले, आणि महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदा मार्गी लागला. देशाचा कायदा आला तो 2005 मध्ये. फाइल बंद ठेवणाऱ्या साहेबाला जाब विचारायची सवय आपल्याला लागली ती तिथून.

पण इथं प्रश्न जरा तिरका आहे. फाइल उघडा म्हणायचं की मिटा? माझं उत्तर : फाइलवर नाव कुणाचं आहे ते बघा. तुमचं असेल तर तुम्हाला पूर्ण उघडी. दुसऱ्याचं असेल तर तुम्हाला बंद. आणि नावं झाकून जी माहिती उरते, म्हणजे या सरकारी हॉस्पिटलात रेडिएशनचं काम करणारे किती, त्यातल्या किती जणांना बॅज दिलाय, मागच्या वर्षी किती बॅज वेळेवर परत गेले, कुणाचा डोस 10 च्या वर गेला का, ती सगळ्यांना उघडी. ही माहिती मागितल्यावर ‘वैयक्तिक आहे’ म्हणून कुणी टोलवायला लागलं तर समजा, की खासगीपणाच्या पदराआड कुणीतरी आपली फाइल लपवतंय. 2023 च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम आणखी आवळलंय, त्यामुळे ही टोलवाटोलवी वाढायची भीती मला वाटते. नवा कायदा कामगाराच्या बाजूचा आहे की फाइल दाबणाऱ्याच्या, हे तो वापरणाऱ्यावर ठरणार.

तसा तो तुमच्या कामाचाही आहे. स्वतःची माहिती कुणाकडे काय आहे हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, तक्रार करण्याचा हक्क तो देतो. पण दोन भोकं लक्षात ठेवा. एक, या कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळं, जास्त नाजूक असं खास स्थान नाही. तुमचा डोस आणि तुमचा मोबाइल नंबर एकाच पंगतीत. दोन, तो डिजिटल माहितीचा कायदा आहे. टाचणीनं बोर्डावर लावलेला कागद त्यात येत नाही. त्याच कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की मात्र येतो. कायद्याची ही गंमत डिपार्टमेंटच्या ॲडमिनला जरूर ऐकवा.

थोडं देऊन टाकायलाही हवं

सगळंच कुलपात ठेवलं तरी चालणार नाही. थोडा थोडा डोस वर्षानुवर्षं घेतला तर काय होतं, हे आपल्याला कळतंय ते कामगारांच्या नोंदींमुळेच. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या 3 लाखांहून अधिक अणुकामगारांच्या डोसच्या नोंदी त्यांच्या मृत्यूच्या नोंदींशी जुळवून इनवर्क्स नावाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये बीएमजेत छापून आले. कमी डोसनंही कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, आणि डोस जितका साठतो तितका वाढतो, असं त्यातून दिसलं. कॅनडानं तर 1951 पासून कामगारांचे डोस एका राष्ट्रीय नोंदवहीत साठवलेत. ज्यांनी हे आकडे झेलले त्यातले कित्येक आज नाहीत. तुमची मर्यादा 50 ऐवजी 20 च्या घरात आली, ती मात्र मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या नोंदी वाचून.

म्हणून अभ्यासाला नोंद द्यावी, नाव काढून. फक्त लहान गावात नाव काढणं पुरत नाही. ‘सीटी टेक्निशियन, स्त्री, वय 26, तालुक्याचं हॉस्पिटल’ एवढं लिहिलं की नाव लिहायची गरजच उरली नाही. तिथं सीटी टेक्निशियन आहेतच किती! अभ्यास करणाऱ्यानं वयाचा गट द्यावा, तालुक्याऐवजी विभाग लिहावा.

उद्या काय मागाल?

नोकरीला असाल तर साध्या कागदावर आरएसओच्या नावानं अर्ज करा : माझा बॅजचा वैयक्तिक नंबर, मागच्या पाच वर्षांतला तिमाहीवार डोस आणि तब्येतीच्या तपासणीचे रिपोर्ट यांची प्रत मिळावी. 2004 च्या नियमांचा उल्लेख करा, पोच घ्या. पोच मागितली की अर्धं काम होतं, हा सरकारी ऑफिसातला जुना अनुभव खासगीतही लागू पडतो. सरकारी हॉस्पिटल असेल आणि दाद लागत नसेल, तर दहा रुपयांच्या फीत माहिती अधिकाराचा अर्ज आहे, उत्तराला 30 दिवस. हॉस्पिटल खासगी असलं तरी एईआरबी आणि भाभा केंद्र ही सरकारी कार्यालयंच आहेत, तिथं स्वतःच्या नोंदीसाठी अर्ज जातो.

अजून शिकत असाल, तर इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी विचारा : मला बॅज कधी मिळणार, आणि तो मिळेपर्यंत मी त्या खोलीत का उभा राहू? शिकाऊ पोरांना दुसऱ्याचा बॅज लावायला दिला तर घेऊ नका. तुम्ही झेललेला डोस त्याच्या खात्यात जाईल आणि तुमचं खातं उघडायच्या आधीच खोटं ठरेल. सोळा ते अठरा वयाच्या शिकाऊंसाठी मर्यादाही वेगळी आहे, वर्षाला सहा.

आणि नोकरी सोडताना, रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स सर्टिफिकेट आणि पीएफचा फॉर्म घ्यायला काउंटरवर उभे असाल, तेव्हा चौथा कागद मागा. क्लार्क म्हणेल, असलं काही नसतं. तिथंच थांबा. तो कागद वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत, आणि काम सुटल्यावर निदान 30 वर्षं, जपून ठेवावा असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तेवढी वर्षं ती एजन्सी असेल की नाही सांगता येत नाही, म्हणून एक प्रत तुमच्या ट्रंकेत असू द्या.